संशय घ्यायची नोकरी

'स्कोप' हा शब्द मराठीत ज्यानं कुणी आणला, त्याला मला एकदा गाठायचं आहे. तत्त्वज्ञानात एम.ए. झाल्यापासून लोकांनी मला माझं नावसुद्धा इतक्या वेळा विचारलं नसेल, जितक्या वेळा 'त्याला स्कोप काय?' हे विचारलं. पुंडलिकनगरात माझ्या खोलीची मालकीण विचारते. गंगापूरच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली अनोळखी बाई विचारते. आणि विचारणारीचा स्वतःचा मुलगा इंजिनिअर होऊन घरी मोबाईलवर गेम खेळत बसलेला असतो, तो स्कोप मात्र कुणी काढत नाही.

मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. "स्कोप नाही म्हणूनच घेतलं, गर्दी कमी असते," असं मी तोंडावर सांगायची. समोरचा माणूस गोंधळला की मला बरं वाटायचं.

पण हनुमान मामा काही गोंधळत नाही. तो माझ्या आईचा भाऊ, शहराच्या जुन्या बाजारात, गुलमंडीतल्या साड्यांच्या दुकानात कितीतरी वर्षांपासून गिऱ्हाइकं सांभाळतो. तो म्हणाला, "तत्त्वज्ञान व्हय? ते तर आमच्या गल्लीत दाढी करताना फुकट मिळतंय. तू त्याला दोन वर्सं घातली?" आणि नुसतं बोलून थांबला नाही, तर त्यानं शेठजींशी बोलून माझ्यासाठी काउंटरची जागा पक्की केली. "सोमवारपासून ये. उभं ऱ्हायचं, हसायचं, घड्या घालायच्या. लई काय नाय."

साड्यांच्या घड्या घालण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. मामानं त्याच कामावर घर चालवलं, पोरं शिकवली. पण मी आबांना शब्द दिला होता. बी.एड. करणार नाही, भरतीला पळणार नाही, याच पदवीवर नोकरी मिळवीन, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, मल्हारराव, मेंढरं राखतात. त्यांनी त्यावर मान डोलावली आणि पाहुण्यारावळ्यांत मला कुणी टोमणा मारला की ते विषय बदलू लागले. सोमवारी मी काउंटरला उभी राहिले असते, तर आबा मला काही बोलले नसते. फक्त पुढच्या टोमण्याला त्यांनी विषय बदलला नसता. ते मला नको होतं.

सोमवारच्या आधी एक शुक्रवार होता आणि शुक्रवारी माझी मुलाखत होती.

जालना रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर 'विचारपूस' नावाच्या कंपनीचं कार्यालय होतं. काम असं की, कुणाला सरकारी कामाची अडचण असली की त्यानं एका नंबरवर फोन लावायचा. यंत्रातली बाई गोड आवाजात सांगते की अमक्या कामासाठी तमक्या कार्यालयात जा, ही ही कागदपत्रं न्या. शेतकरी, शहरातले लोक, पेन्शनवाले, सगळ्यांसाठी तीच बाई. या बाईची उत्तरं तपासायला त्यांना माणूस हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, 'भाषा आणि तर्क यांची जाण हवी. पदवी कोणतीही चालेल.' तर्क हा शब्द पाहून मी अर्ज ठोकून दिला.

मुलाखत घेणारे इंद्रजीत सर पस्तिशीचे, चष्मेवाले, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. कंपनी त्यांनीच काढली होती. माझा अर्ज वाचून ते म्हणाले, "तत्त्वज्ञान. इंटरेस्टिंग."

'इंटरेस्टिंग' हे 'स्कोप काय'चं शिकलेलं भावंड आहे. मी गोड हसले आणि म्हणाले, "सर, काम द्या, मग बघू किती इंटरेस्टिंग आहे ते."

त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी मला एका संगणकासमोर बसवलं. पडद्यावर लोकांनी फोनवर विचारलेली वाक्यं होती आणि खाली यंत्रानं दिलेलं उत्तर. उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं, आणि का तेही सांगायचं. सर शेजारी खुर्ची ओढून बसले.

मी सुटलेच. एका आजोबांनी विचारलं होतं, हयातीचा दाखला कुठं मिळेल. यंत्रानं त्यांना मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर धाडलं होतं. चूक. एका बाईनं विचारलं होतं, नाव कमी करायचं आहे. यंत्रानं रेशनकार्डावरून नाव कसं कमी करायचं ते सांगितलं. मी म्हणाले, "रेशनकार्डावरून, सातबाऱ्यावरून की मतदारयादीतून, हे तिनं सांगितलंच नाही. यंत्रानं मनानंच ठरवलं." सर मान हलवत होते. मला स्वतःचं बोलणं फार आवडायला लागलं होतं.

मग पुढचं वाक्य आलं. 'आमचा वाडा उतरवायचा हाय. परवानगी कुणाची लागते?' आणि यंत्राचं उत्तर: 'वाडा उतरवण्यासाठी महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे अर्ज करावा. सोबत इमारतीचा नकाशा जोडावा.'

मी इतक्या जोरात हसले की पलीकडच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली.

"साफ चूक," मी म्हणाले. "सर, आम्ही धनगर. आमच्यात वाडा म्हणजे दगडविटांचं घर नव्हे. मेंढरं, घोडं, कुत्री, बायकापोरं, सगळं बिऱ्हाड मिळून जे चालतं त्याला आम्ही वाडा म्हणतो. आज या शिवारात, उद्या त्या. मेंढरं जिथं मुक्कामाला थांबली, तिथं वाडा उतरला. हा माणूस विचारतोय, मुक्काम टाकायला परवानगी कुणाची? आणि तुमची बाई त्याला म्हणते, नकाशा आण!"

मी खुर्चीत मागे रेलले. एवढं बोलून झाल्यावर सरांनी टाळी द्यावी अशीच माझी अपेक्षा होती.

सरांनी टाळी दिली नाही. त्यांनी माउस स्वतःकडे ओढला आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज आमच्याच बाजूचा होता, 'हाय' आणि 'लई' म्हणणारा. "आमचा वाडा उतरवायचा हाय. परवानगी कुणाची लागते?" आणि मग यंत्राचं उत्तर झाल्यावर तोच माणूस पुढे म्हणाला, "बरं बरं. गुलमंडीतला हाय आमचा वाडा. उतरवून खाली दुकानं काढायची, वर ऱ्हायचं. नकाशा हाय माझ्यापाशी. लई उपकार झाले."

रेकॉर्डिंग संपलं. माझे कान तापले.

"पुढचं वाक्य आम्ही मुद्दाम दाखवत नाही," सर म्हणाले. आवाजात खोच नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं. "इथं मुलाखतीला आलेल्या सगळ्यांनी हे उत्तर बरोबर म्हणून पुढे ढकललं. चूक म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि उत्तर बरोबर होतं."

माझ्या डोळ्यांसमोर गुलमंडीचं दुकान उभं राहिलं, काउंटर, घड्या, मामाचं 'मी काय म्हनलं होतं' असं तोंड. मला रडू येईल की काय असं वाटलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, रागही आला. माझा स्वतःचा राग तर आलाच, पण त्या गोड आवाजाच्या बाईचाही आला. मी चुकले ते खरं. पण ती बरोबर होती म्हणजे नेमकं काय होतं?

"सर," मी म्हणाले, "मी चुकले. वाडा म्हटल्यावर मला माझाच वाडा दिसला. दुसरा असू शकतो हे मी विचारलंच नाही."

"ठीक आहे, होतं असं," म्हणत ते उठायला लागले.

"थांबा. माझं अजून झालं नाही." हे मी जरा मोठ्यांदाच बोलले. "तुमच्या यंत्रानं तरी कुठं विचारलं? त्याला वाडा म्हटल्यावर इमारतच दिसली. मी जे केलं तेच त्यानं केलं. फरक एवढाच की, फोन गुलमंडीतून आला म्हणून त्याचं नशीब बरं होतं. उत्तर बरोबर निघालं म्हणजे माहीत होतं, असं होत नाही."

सर उभ्या उभ्या म्हणाले, "पण माणसाचं काम झालं ना? आम्हाला उत्तर बरोबर आल्याशी मतलब."

"मग मी एक फोन लावू?"

त्यांनी खांदे उडवले. मी आबांना फोन लावला. आबा तेव्हा गंगापूरच्या अलीकडे, कापूस उपटून मोकळ्या झालेल्या एका रानात मेंढरं घेऊन होते. मी त्यांना विचारपूसचा नंबर दिला आणि म्हणाले, "आबा, या नंबरला फोन लावा. वाडा उतरवायचा आहे, परवानगी कुणाची लागते, एवढंच विचारा. आणि मला सांगा काय म्हणतात ते."

आबांनी का, कशाला, काहीही विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास आहे. आम्ही वाट बघत बसलो. सर घड्याळाकडे बघत नव्हते, हीच काय ती आशा.

फोन वाजला. मी स्पीकर चालू केला.

"सुकू," आबा म्हणाले, "ती बाई लई मवाळ बोलती गं. ती म्हनती, महानगरपालिकेत जा. आता मेंढरं घेऊन जाऊ का नुसताच जाऊ?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अन् नकाशा मागती," आबा पुढे म्हणाले. "नकाशा कशाचा काढू? मेंढरांचा? ती काय एका जागी बसत्यात व्हय?"

आता सरही हसले, आणि हसत हसत परत खुर्चीत बसले. मी आबांना नंतर फोन करते म्हणून सांगितलं. एकच वाक्य, एकच उत्तर, एकदा बरोबर आणि एकदा चूक. मला वेगळं काही बोलायची गरज उरली नव्हती.

पण सर हुशार होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला नेमकं तिथं धरलं जिथं मी धरली जायला नको होते. ते म्हणाले, "मान्य. पण सुकेशनी मॅडम, यात तत्त्वज्ञान कुठं आलं? वाडा म्हणजे काय हे तुम्हाला घरून माहीत आहे. हे तर मला तुमचे वडीलही सांगतील. मग एम.ए.चा उपयोग काय?"

हा प्रश्न मला शंभर लोकांनी विचारला असेल. पण आजवर प्रत्येकानं तो टोमणा म्हणून विचारला होता. यांना खरंच उत्तर हवं होतं. माझी तयार उत्तरं इथं चालणार नव्हती. 

"सर, घरून जे माहीत होतं त्यानं मी चुकले," मी म्हणाले. "तुम्ही ऐकलंच. मी का चुकले, ते एम.ए.नं कळलं."

ते पुढे झुकले. मी बोलत गेले.

"आम्हाला शिकवलं की ज्ञानाच्या आधी संशय यावा लागतो. संशय म्हणजे आपल्याकडे नवरा बायकोवर घेतो तो नव्हे. समोर जे आहे ते हे असेल किंवा ते असेल, आणि आपल्याला अजून ठरवता येत नाही, हे लक्षात येणं म्हणजे संशय. तो आल्याशिवाय माणूस चौकशीच करत नाही. तुमच्या यंत्राला सगळं येतं, फक्त संशय येत नाही. नाव विचारपूस, आणि ते कुणाला काही विचारतच नाही. नुसतं सांगत सुटतं."

"मग काय, प्रत्येक शब्दाला विचारत बसायचं?" सर म्हणाले. "आम्ही करून बघितलंय. दोनतीन प्रश्न विचारले की लोक फोन ठेवतात. शिव्या देतात वर."

"प्रत्येक शब्दाला विचारायचं नाही. संशयालाही कारण लागतं. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले आणि ते दोन अर्थ माणसाला दोन वेगळ्या दारांत नेत असले, तरच विचारायचं. दार एकच असेल तर गप्प बसायचं."

सरांनी जरा विचार केला आणि मला पारखायला सुरुवात केली. "उतारा पाहिजे, असा फोन आला तर?"

"विचारायचं नाही. उताऱ्याचे अर्थ पुष्कळ आहेत, पण दृष्ट काढून लिंबू कुठं टाकायचं हे विचारायला कुणी तुम्हाला फोन करत नाही. त्याला सातबाराच हवा असतो."

"दाखला पाहिजे?"

"विचारायचं. जातीचा असेल तर तहसील, शाळा सोडल्याचा असेल तर शाळा, जन्माचा असेल तर पालिका नाहीतर ग्रामपंचायत. इथं न विचारता सांगितलं तर माणसाचा दिवस वाया जातो, भाडं वाया जातं."

"आणि वाडा?"

"वाडा कुठं आहे, एवढंच विचारायचं. गुलमंडीतला माणूस गुलमंडी म्हणेल. आबा म्हणतील, आज इथं आहे, उद्या हलवायचाय. एका प्रश्नात कळतं."

सरांनी पलीकडे हाक मारली. त्या हसणाऱ्या मुलाचं नाव सुयश होतं, यंत्राचं काम तोच बघत होता. सर त्याला म्हणाले, "हे तीन शब्द घे. या सांगतात तसं करून दाखव." मग माझ्याकडे वळले. "सोमवारी या. दहाला. सहा महिने बघू, मग कायमचं."

"सोमवारी मला दुसरीकडे बोलावलंय," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"कुठं?"

"गुलमंडीत. पण तिथं नाही म्हणून सांगते."

मी जिना उतरून रस्त्यावर आले. जालना रोडवर नेहमीचीच वाहनं, नेहमीचीच धूळ, रिक्षावाल्यांची नेहमीचीच हाकाटी. मला मात्र सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं. मी फार खूश होते. इतकी खूश मी निकालाच्या दिवशीही नव्हते.

मी आबांना फोन लावला. "आबा, नोकरी मिळाली."

"मिळाली?" आबा म्हणाले. मग घसा साफ केल्याचा आवाज आला. "काम काय हाय?"

मी इतक्या उड्या मारत होते की जे तोंडाला आलं ते बोलून गेले. "संशय घ्यायचं!"

पलीकडून आईनं, राजाबाईनं, फोन ओढून घेतला असणार. "पोलिसात लागलीस व्हय गं? अन् सांगितलं नायस! कुनावर संशय घ्यायचा? रातीबेराती जायचं नाय हां, सांगून ठेवते."

"माय, पोलिसात नाही. तुम्ही मघाशी ज्या बाईला फोन केला ना, तिच्यावर लक्ष ठेवायचं. तिनं कुठं थांबून विचारायचं, ते मी ठरवायचं."

"मंग त्या बाईची साहेब झालीस की तू," माय म्हणाली. ते तितकंसं बरोबर नव्हतं, पण मी म्हणाले, "व्हय."

मायनं फोन आबांना दिला. आबा म्हणाले, "ब्येस झालं. लई ब्येस झालं. आता मला सांग, वाडा उतरवायला परवानगी खरंच लागती का? वरच्या अंगाला माळ हाय, उद्या तिकडं हलवायचं म्हनतो. ती बाई काय कामाची नाय."

म्हणजे आबांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. माळ म्हणजे गायरान, गायरान म्हणजे ग्रामपंचायत, सरपंचांना सांगा आणि उतरा. मी बोलायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

"आबा, माळ कुणाचा आहे?" मी विचारलं.

"अर्धा गायरान. नाल्याच्या पल्याड वनखात्याची पाटी हाय."

"मग वाडा नाल्याच्या कुठल्या बाजूला उतरवणार?"

"पानी बगून. पानी पल्याड हाय."

"किती दिवस?"

"कोकरं लहान हायेत. ती चालायजोगी झाली की निघू."

"कोकरांच्या आया सगळ्यांना पाजतात का?"

"दोघींना दूध कमी हाय. तुझी माय बाटलीनं पाजती त्यांची पिल्लं."

हे काही परवानगीसाठी लागणारं नव्हतं. तरी मी विचारत राहिले. घोड्याचा पाय बरा झाला का, रात्री राखणीला कोण बसतं, गेल्या साली त्या माळावर कुणी अडवलं होतं का. आबा एकेक सांगत होते. आधी तुटक, मग सविस्तर. आमच्यात मुलीनं आबांना फोन करून 'जेवलात का' एवढंच विचारायची पद्धत आहे, आणि वाड्यावरच्या माणसाला सरकारी माणूस विचारतो तो फक्त 'इथून कधी उठणार?' आबांच्या आवाजात हळूहळू असं काही आलं, जे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते मला त्यांचं काम समजावून सांगत होते आणि त्यांना ते आवडत होतं. माझे डोळे भरून आले. रस्त्यावर कुणी बघेल म्हणून मी एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

मग माझे प्रश्न संपले. वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करून संध्याकाळी सांगते, असं मी आबांना म्हणाले.

आबांनी फोन ठेवला नाही. मागे मेंढरांचा आवाज येत होता, आणि कुत्रं भुंकत होतं.

"अजून काय इचारायचं ऱ्हायलंय का?" ते म्हणाले. "इचार की."